पडद्याकडे पाठ

आमच्या साडूंना सगळे बॅटरी म्हणतात. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी सरळ पुढच्या ओळीवर जावं. आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं नाव आहे त्यांना, पण ते आता फक्त लाईटबिलावर उरलंय. थिएटरात डोअरकीपर आहेत. दारावर तिकीट फाडायचं, अंधारात बॅटरीचा उजेड पायाशी टाकत माणसाला खुर्चीपर्यंत न्यायचं, "सांभाळून, पायरी आहे" म्हणायचं आणि परत येऊन दाराशी उभं राहायचं. या माणसानं उभं आयुष्य उभ्यानं काढलं.

तुम्ही म्हणाल, मजा आहे की, फुकट पिक्चर! मीही तसंच समजायचो. त्यांचं नवीन लग्न झालं होतं तेव्हा सासुरवाडीला जेवताना मी मोठ्या हौसेनं विचारलं, "साडूभाऊ, तुमच्याकडे लागलाय त्या पिक्चरात शेवटी कोण मरतं हो?"

"मला काय माहीत? मी कुठं बघतो?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. नंतर कळलं, अगदी खरं होतं. हा माणूस थिएटरात पडद्याकडे पाठ करून उभा राहतो. पिक्चर चालू असतो मागं आणि हे बघत असतात पब्लिककडे.

ही त्या थिएटरची रीत. तिथं पडदा एकच आणि मॅनेजरही एकच. थिएटर त्याच्या वडिलांनी बांधलेलं, म्हणजे मालकही तोच. पण पिक्चर बघायचा त्याला मनापासून कंटाळा. मिठाईवाल्याच्या घरी कुणी गोड खात नाही म्हणतात, तसलं काहीतरी असेल. नवा पिक्चर लागला की पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यानं वितरकाला फोन करून सांगायचं असतं, पिक्चर पुढे ठेवतो की आठवड्यानं सोडतो. सोडला तर तो नदीपलीकडच्या थिएटरात जातो. मग मॅनेजर काय करायचा? पहिला खेळ सुटला की पंख्याखाली बसून हाक मारायचा, "बॅटरी, काय म्हणतंय पब्लिक?" आणि बॅटरी म्हणतील ती पूर्व दिशा.

आमच्या शाळेत एक मास्तर होते. एका खोलीत सगळे वर्ग, मास्तर एकटे. ते फळ्याकडे तोंड करून लिहायचे आणि तसंच पाठमोरं म्हणायचे, "खिडकीपाशी जो चिंच खातोय त्यानं बी बाहेर थुंकावी." आम्ही समजायचो मास्तरांच्या पाठीला डोळे आहेत. आमच्या साडूंचं त्याच्या बरोबर उलटं. पिक्चर त्यांनी पाठीनं ऐकायचा आणि डोळ्यांनी माणसं वाचायची.

कसं वाचायचे, ते मला एकदा त्यांनी सांगितलं होतं. खोकला हे पहिलं. पिक्चर आवडत नसला की निरोगी माणसाला खोकला येतो, आणि एकाला आला की रांगच्या रांग खोकते. मग खुर्च्या. जुन्या स्प्रिंगच्या खुर्च्या, माणूस कंटाळून एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झाला की कुरकुरतात. हसण्याचंही शास्त्र होतं. हसू पुढून मागं गेलं तर पिक्चर चालणार, मागून पुढं आलं तर ते पिक्चरच्या फजितीला हसतायत. आणि मोरी! नाचगाण्यात माणूस उठून मोरीवर गेला तर काळजी नाही, मारामारीत उठला तर पिक्चरचं काही खरं नाही. एकदा एका रडक्या पिक्चरला सगळे म्हणत होते हा पहिल्याच दिवशी झोपणार. बॅटरी म्हणाले, "ठेवा. बायका रडतायत ते सोडा, नवरे चष्मे पुसतायत." तो पिक्चर इतका चालला की पोस्टरवरच्या नटीचा रंग उन्हानं उडून पांढरा झाला.

शेवट मात्र त्यांनी एकाही पिक्चरचा पाहिला नाही. शेवट जवळ आला की बाहेर पडायची दारं उघडायची, भिंतीवरची लाईटची बटणं दाबायची आणि लोंढ्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं. माणसं चपला शोधत कशी बाहेर येतात त्यावरून त्यांना शेवट कळायचा. गोड असला तर एकमेकांना ढकलत, कडू असला तर एकेकटी.

आता गोष्टीचं खरं दुखणं सांगतो. दुखणं म्हणजे गुडघे.

हल्ली दोन्ही गुडघे त्यांना दगा द्यायला लागले होते. संध्याकाळचा खेळ सुटल्यावर घरी यायचे ते भिंतीला हात लावत. मेहुणी गरम पाण्याची पिशवी घेऊन तयार. खुर्चीत बसले की पाय समोरच्या स्टुलावर उचलून ठेवायचे, तेही दोन्ही हातांनी, जसं दुसऱ्याचं सामान ठेवावं. मी समोर बसून माझी बडबड चालू ठेवायचो. अर्ध्यातच त्यांचे डोळे मिटायचे.

"अहो, दाजी बोलतायत," मेहुणी म्हणायची.

"ऐकतोय," डोळे मिटूनच. "पाठीनं ऐकतोय."

एक स्टूल हवं होतं त्यांना, बाकी काही नाही. दाराशी, भिंतीला टेकून ठेवता येईल असं. मॅनेजरपाशी कितीदा विषय काढला. मॅनेजर माणूस वाईट नाही, पण त्याचं एकच पालुपद, "बॅटरी, तू बसलास तर तुला पहिली रांग तेवढी दिसणार. मागची तोंडं कशी दिसणार? तुझ्यासारखं पब्लिक दुसऱ्या कुणाला वाचता येतं का, सांग. येत असतं तर तुला आज सायकलस्टँडवर खुर्ची टाकून दिली असती."

म्हणजे बघा. जोवर यांचं म्हणणं खरं ठरतंय, तोवर यांना उभं राहायचं. आणि यांचं म्हणणं चुकतच नव्हतं. मेहुणी वैतागून म्हणायची, "एकदा चुका की हो! एवढी माणसं चुकतात, तुम्हालाच काय झालंय?"

आणि मग तो जादूचा पिक्चर आला.

सुपरहिरोचा पिक्चर. पोस्टर एवढं मोठं की मॅनेजरच्या केबिनची खिडकी झाकून गेली. वर एक माणूस, हात पुढे केलेला, तळहातातून उजेड फाकलेला. गावात चर्चाच चर्चा. जादूचा आहे, मंत्र मारतो, डोंगर जोडतो, हे जोडतो, ते जोडतो. मॅनेजर इतका खुशीत की तिकीट खिडकीच्या गजांना त्यानं नवा रंग दिला आणि पहिल्या दिवशी आलेल्या निम्म्या पब्लिकच्या बाहीला तो लागला. माझ्यासुद्धा. तो सदरा अजून आहे माझ्याकडे.

शुक्रवारचा पहिला खेळ. साडूंनी मला पुढच्या रांगेत, त्यांच्या दारालगतची खुर्ची दिली. गर्दी बेताची, पण तरणी पोरं बरीच, शिट्ट्यांची तयारी करून आलेली. एक जण ओठांवरून जीभ फिरवत बसला होता, पहिलवान मांडी ठोकतो तसा.

पिक्चर असा. एक माणूस असतो. तरणाबांड नाही, आपल्या-तुपल्यासारखा, पोट थोडं सुटलेलं. त्याच्या तळहातात जादू. मोडलेल्या कशावरही हात ठेवला की तळहातात उजेड पेटतो आणि ती वस्तू सांधली जाते. पूल, भिंत, माणसाचं हाड, काहीही. पण जी भेग तो बुजवतो तिचा शीण त्याच्या अंगात उतरतो. एक राक्षसी यंत्र शहर मोडत सुटतं आणि हा मागनं जोडत सुटतो. ते मोडतंय, हा जोडतोय. पहिल्यांदा पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग हळूहळू शिट्ट्या कमी झाल्या. मध्यावर तर तो एका जिन्याच्या पायरीवर बसतो आणि म्हणतो, "आता माझ्याच्यानं होत नाही." आणि बसूनच राहतो. किती वेळ! संगीत नाही, काही नाही. नुसता त्याचा श्वास.

मी साडूंकडे पाहिलं. ते आपले पडद्याकडे पाठ करून, एक हात दाराच्या कडीवर, सगळा भार डाव्या पायावर. पडद्याचा उजेड पब्लिकच्या तोंडांवर पडलेला आणि तोंडं सगळी दगडासारखी. कुणी खोकत नाही. खुर्ची कुरकुरत नाही. कुणी मोरीवरही जाईना. साडूंनी भार उजव्या पायावर घेतला, परत डाव्यावर. हॉलमध्ये हलणारा तो एकच माणूस.

इंटरव्हलला कँटीनवाली बाई लाह्यांचा डबा झाकून बसली होती. जिभेची तिखट, आमच्या साडूंशी तिची जुनी खडाखडी. "बॅटरी, तुमचं पब्लिक आजारी आहे का हो? आधी घेतलेल्या पिशव्याच अजून हातात आहेत त्यांच्या. निम्म्या भरलेल्या! चहा घेतात आणि भिंतीकडे बघत उभे राहतात."

"बघतोय," साडू म्हणाले.

"बघताय ते दिसतंय. सांगा की काय बघताय."

साडू भिंतीला टेकले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. घंटा झाली तेव्हा कँटीनवालीनंच त्यांना बाही ओढून जागं केलं.

उत्तरार्धात तो माणूस पायरीवरून उठतो, कसाबसा यंत्रापर्यंत जातो, आणि काय करतो? यंत्रच जोडतो! त्या यंत्राच्या आत काहीतरी मोडलेलं असतं, म्हणून ते मोडत फिरत असतं. मला तर टाळी वाजवावीशी वाटली, पण शेजारपाजारी कुणीच वाजवीना, मग मीही हात मांडीखाली घेतले. यंत्र थांबलं. पडदा काळा झाला. नावं वर सरकायला लागली.

साडूंनी रोजच्यासारखी कडी काढली. दारं उघडली. बटणं दाबली. लख्ख उजेड.

आणि एकही माणूस उठेना.

इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. नावं लागली की पब्लिक उठतं, हा जगाचा नियम. साडू दाराशी बाजूला होऊन उभे, वाट करून दिलेली, आणि वाटेवर कुणी नाही. त्यांनी बॅटरी पेटवून मागच्या रांगेवर मारली. सगळे डोळे उघडे ठेवून बसलेले. साडू माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "झोपलीत की काय?"

तेवढ्यात नावं मध्येच थांबली आणि पडद्यावर परत चित्र सुरू झालं. त्याबरोबर हॉलमधून एकच ओरडा, "लाईट! ए बॅटरी! लाईट बंद कर! दार लाव!"

आता हल्लीच्या असल्या पिक्चरांना नावांनंतर शेपूट असतं, हे सगळ्या पोरांना ठाऊक. आमच्या साडूंना कोण सांगणार? आणि पाठ पडद्याकडे, तेव्हा मागं चित्र परत उमटलंय हे दिसणार तरी कसं? त्यांना वाटलं, पोरं हुल्लड करतायत. "शिस्तीत बाहेर या," असं म्हणेपर्यंत शेपूट संपलंसुद्धा.

मी पाहिलं, म्हणजे उघड्या दारातून उन्हाचा झोत पडद्यावर पडला होता त्यात जेवढं दिसलं तेवढं. तो माणूस आपल्या घरी येतो. चहाच्या कपाचा कान तुटलेला असतो. तो कप हातात घेतो, तुटका कान त्याला लावून धरतो, तळहात कपावर ठेवतो. क्षणभर थांबतो. मग हसतो, उठतो, खणातून डिंकाची बाटली काढतो आणि कान डिंकानं चिकटवत बसतो. झालं.

बाहेर हे तुंबळ! साडूंना घेरलं सगळ्यांनी.

"अहो काका, नेमकं तेवढंच बघायला थांबलो होतो!"

"हात पेटला होता का त्याचा? कपावर ठेवला तेव्हा?"

"पेटला. मी बघितला. जरासा."

"ऊन होतं ते! हात कसला पेटतोय? जादू संपली त्याची. यंत्रात गेली सगळी."

"संपली नाही रे. आहे, पण वापरली नाही. कंटाळला तो. एका कपासाठी कोण शीण घेणार?"

"तुला फार माहीत! तू काय त्याचा मामा लागतोस?"

कामावरून परस्पर आलेली एक बाई, हातात डब्याची पिशवी, बाजूला उभं राहून म्हणाली, "मला तो पायरीवर बसतो ते आवडलं. आमच्या साहेबांना दाखवायला पाहिजे." आणि निघून गेली. शिट्टीची तयारी करून आलेला पोरगा मात्र रुसला होता, "सुपरहिरो आणि दमतो? दमायला आमचे बाबा आहेत की घरी!"

साडूंनी सगळ्यांची क्षमा मागितली, हात जोडले, आणि मग पंख्याखालून हाक आली.

"बॅटरी, काय म्हणतंय पब्लिक?"

मी तिथंच होतो. साडू मॅनेजरपुढे उभे राहिले, हात टेबलावर टेकवून. म्हणाले, "पडला. आठवड्यानं सोडा."

"नक्की?"

"शिट्टी मध्यातच मेली. टाळी नाही. लाह्या उरल्या. शेवटी उठायचंही त्राण नाही पब्लिकला."

मॅनेजरनं खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर अजून भांडण चालू होतं. "मग हे काय चाललंय?"

"लाईट लागला म्हणून चिडलेत. माझं चुकलं."

मॅनेजरनं उसासा टाकला आणि वितरकाला फोन लावला. पिक्चर पुढच्या शुक्रवारपासून नदीपलीकडे द्यायचा ठरला. फोन ठेवला आणि म्हणाला, "ते शेपटाचं लक्षात ठेव. नावं पूर्ण संपल्याशिवाय दार उघडायचं नाही."

पुढं काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. पहिल्या खेळाचं पब्लिक संध्याकाळच्या खेळाला परत आलं, त्या हाताचा निकाल लावायला. येताना जोडीदार घेऊन आलं. अंधारात बघितलं तरी निकाल लागेना, कारण करणाऱ्यानं ते दृश्यच असं केलं होतं की बोटांमागे खिडकी आणि खिडकीत उजेड. निम्मे म्हणायचे पेटला, निम्मे म्हणायचे नाही. शनिवारी गर्दी वाढली, रविवारी तिकीट खिडकीचा नवा रंग लोकांच्या बाह्यांनीच पुसून काढला.

मी न्हाव्याकडे गेलो तर तिथं तेच. माझी एक बाजू झाली होती, दुसरीकडे फेस, आणि न्हावी वस्तरा हातात धरून शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगतोय, "शक्ती गेली असती तर तो हसला असता का? तुम्ही सांगा. माझा हात उद्या थरथरायला लागला तर मी हसेन का?" गिऱ्हाईक म्हणालं, "हसशील. सुटलो म्हणून हसशील." झालं! न्हावी बाकड्यावर बसला विचार करत. मी फेस लावून तसाच. शेवटी म्हणालो, "बाबा रे, तुझी शक्ती गेली नसेल तर एवढा उरलेला गाल कर." माझी बायको अजून तो गाल दाखवते, तिच्या मते त्या बाजूला खुंट राहिलेच.

साडूंना तर रस्त्यात गाठून विचारायचे, "बॅटरी, तुम्ही रोज असता आत. हात पेटतो का हो?" ते म्हणायचे, "मी पब्लिक बघतो. पब्लिक पुढे सरकून बसतं तेवढं माहीत आहे." मान वळवून पडद्याकडे बघावं, हे आठवडाभरात त्यांना सुचलं नाही. उलट प्रत्येक खेळ नावं संपेपर्यंत लांबला, तेवढं उभं राहणं वाढलं. घरी आले की मेहुणी पिशवी घेऊन बसायची आणि ते म्हणायचे, "एवढा पडलेला पिक्चर, आणि माणसं मावेनात."

"अहो, मग पडलेला कसा?"

"तेच म्हणतोय मी."

गुरुवारी, शेवटच्या दिवशी, मॅनेजरनं त्यांना बोलावलं. मी आणि मेहुणी दुपारच्या खेळाला म्हणून आलो होतो. तिला कधी नव्हे ती हौस आली होती, सगळ्या गल्लीनं पिक्चर पाहिला आणि डोअरकीपरच्याच बायकोनं पाहिला नाही, हे तिला लागलं होतं. केबिनचं दार उघडं होतं. ऐकू येत होतं सगळं. मेहुणीनं माझा दंड घट्ट धरला.

"मी वितरकाच्या हातापाया पडलो," मॅनेजर म्हणाला. "पण नदीपलीकडच्यांनी पोस्टरंसुद्धा लावली. आपला हाऊसफुल पिक्चर उद्या तिकडं चालला."

"हो."

"तुझं चुकलं, बॅटरी."

"चुकलं."

"असं कसं चुकलं? माणसं श्वास रोखून बसली होती रे. कँटीनवालीला कळलं ते, माणसं लाह्या खायला विसरली म्हणून. तुला नाही कळलं?"

आत साडूंची चप्पल करकरली, भार दुसऱ्या पायावर गेला असणार.

"मला वाटलं होतं, तू आहेस तोवर मला पिक्चर बघायला लागणार नाहीत," मॅनेजर म्हणाला. त्याचा आवाज चिडका नव्हता, नुसता दमलेला होता. "आता बघावे लागणार. या वयात." "उद्यापासून आत उभा राहू नकोस. सायकलस्टँडवर बस. खुर्ची आहे तिथं, सावलीला घे."

मेहुणीचा हात सैल झाला. साडू बाहेर आले ते बॅटरी मॅनेजरच्या टेबलावर ठेवून. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना कळेना, म्हणून दोन्ही हात त्यांनी मागं धरले, शाळेतल्या मुलासारखे.

मागून मॅनेजर ओरडला, "आणि हा खेळ बसून बघ! पब्लिकसारखा! दारावर मी उभा राहतो."

आम्ही तिघं मधल्या रांगेत बसलो. मध्ये साडू. आयुष्यात पहिल्यांदा पडद्याकडे तोंड करून. अंधार झाल्यावर ते सारखे मागं वळून बघायचे. मेहुणी म्हणाली, "अहो, तोंड पुढं." त्यांनी तोंड पुढं केलं. माणूस पूल जोडतो तिथं डोळे विस्फारले. भिंत जोडतो तिथं म्हणाले, "बराय की." इंटरव्हलला उठलेच नाहीत, म्हणाले, "बसलोय तर बसतो." पाय लांब केले होते त्यांनी, पुढच्या खुर्चीखाली, आणि चपला काढून ठेवल्या होत्या.

इंटरव्हलनंतर जरा वेळानं बघतो तर मान मेहुणीच्या खांद्यावर.

"अगं, उठव," मी म्हणालो. "शेपूट चुकेल."

"राहू दे, दाजी."

रांगेतली पोरं मोरीकडे जाताना त्यांच्या लांब केलेल्या पायांवरून अलगद पाय उचलून गेली. एकानं त्यांची चप्पल सरळ करून ठेवली. यंत्र थांबलं, नावं आली, सगळा हॉल पुढे सरकून बसला. दाराशी मॅनेजर कडीवर हात ठेवून उभा, आणि त्याचं तोंड, मी वळून बघितलं, पडद्याकडेच. कप आला. हात कपावर आला. मी डोळे फाडून बघत होतो. पण मला विचाराल तर माझा उपयोग नाही, लांबचा चष्मा मी घरी खुंटीवर विसरलो होतो. मेहुणीला विचारलं, तर म्हणाली, "यांची मान घसरत होती, ती सावरत होते मी." म्हणजे आमच्या घरात त्या हाताचा निकाल कधीच लागणार नाही.

आता ते सायकलस्टँडवर असतात. लिंबाच्या सावलीत खुर्ची, पाय उलट्या बादलीवर. मी दुपारी जातो, आम्ही बसतो, मी बोलतो. परवा तिथंच बोलता बोलता मी तो विषय काढला. म्हटलं, "साडूभाऊ, एक खरं सांगा. माझ्या डोळ्यांदेखत झालं सगळं. तुम्हाला त्या दिवशी खरंच पब्लिक कळलं नाही, की कळलं आणि...?"

खेळ नुकताच सुटला होता. माणसं थिएटरातून बाहेर येत होती, सायकली काढत होती. साडू त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी दोन्ही हातांनी एक पाय उचलला, बादलीवर नीट ठेवला, दुसरा उचलला, तोही ठेवला आणि गुडघ्यांवर तळहात पसरून हसले.

"काय म्हणतंय पब्लिक?" मी विचारलं.

"मॅनेजरला विचारा," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.